फायरवॉल कोणाची, जबाबदारी कोणाची?

बोईसर-तारापूरचे औद्योगिक क्षेत्र रसायने, औषधांची मूळ द्रव्ये, रंग, कापड आणि पोलाद यांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. परंतु गेल्या दोन दशकांत येथील कारखान्यांच्या फाटकातून कच्च्या-पक्क्या मालाबरोबर माहितीचीही अखंड ये-जा सुरू झाली आहे. जीएसटीची विवरणपत्रे आणि ई-वे बिले, मुंबईतील मुख्य कार्यालयाशी जोडलेली हिशेबप्रणाली, परदेशी ग्राहकाला पाठवायचे गुणवत्तेचे दाखले, यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने पुण्यात वा अहमदाबादेत बसून केलेली तपासणी, हे सर्व आता इंटरनेटवरूनच चालते. त्यात शासकीय बंधनांचीही भर पडली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये अतिप्रदूषणकारी गटातील 17 प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धुराड्यातून बाहेर पडणारे वायू यांचे मोजमाप सतत आणि आपोआप करून त्याचे आकडे थेट मंडळांच्या सर्व्हरकडे पाठवण्याचे आदेश दिले. याच मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात सर्वांत वरच्या स्थानी आले होते, त्यामुळे या गटात मोडणाऱ्या येथील कारखान्यांना ही जोडणी सैल सोडून चालत नाही.

कारखान्याचे अंतर्गत जाळे बाहेरच्या जगापासून कायमचे तोडून ठेवणे अशा परिस्थितीत बहुतेकांना शक्य नसते, आणि म्हणून त्या जोडणीवर पहारा कसा ठेवायचा हा प्रश्न उरतो. या पहाऱ्याच्या साधनाला फायरवॉल म्हणतात. बाजारात ती दोन रूपांत मिळते. एखाद्या कंपनीने स्वतःचे सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रात बसवून, वार्षिक लायसन्ससह विकलेली पेटी म्हणजे मालकीची फायरवॉल. तर ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता, तपासता, बदलता आणि फुकट वापरता येते असे सॉफ्टवेअर साध्या संगणकावर किंवा छोट्या पेटीवर चढवून उभारलेली ती मुक्तस्रोत फायरवॉल. या दोहोंची तुलना बहुधा किंमत आणि वैशिष्ट्यांची यादी समोर ठेवून केली जाते. तारापूरसारख्या ठिकाणी मात्र त्याआधी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: या पहाऱ्याची रोजची देखरेख कोण करणार आणि चूक झाल्यास उत्तर कोण देणार?

पहाऱ्याचे काम कसे चालते

इंटरनेटवरील माहिती छोट्या तुकड्यांत विभागून प्रवास करते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात आणि प्रत्येक पॅकेटवर ते कोठून आले, कोठे जायचे आहे आणि कोणत्या सेवेसाठी आहे याची नोंद असते. सुरुवातीच्या फायरवॉल एवढीच नोंद वाचून, आखून दिलेल्या नियमांप्रमाणे पॅकेट आत सोडत वा अडवत. पुढे चालू संभाषणाची आठवण ठेवणारी पद्धत आली. आतल्या संगणकाने स्वतःहून केलेल्या विनंतीचे उत्तर असेल तरच बाहेरचे पॅकेट आत घ्यायचे, हा या पद्धतीचा गाभा असून इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीने 1994 मध्ये आणलेल्या उत्पादनाने ती रूढ केली. आताच्या फायरवॉल यापुढे जाऊन पॅकेटच्या आतील मजकूर कोणत्या ॲपचा आहे हे ओळखतात, घुसखोरीच्या माहीत असलेल्या खुणा शोधतात, घातक संकेतस्थळे अडवतात आणि दूरच्या कर्मचाऱ्याला सांकेतिक, सुरक्षित वाटेने म्हणजे व्हीपीएनने आत येऊ देतात.

यांपैकी पहिल्या दोन कामांत दोन्ही प्रकारच्या फायरवॉल तुल्यबळ आहेत. प्रदूषणाचे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राने फक्त मंडळाच्या सर्व्हरशी बोलावे आणि अन्य कोणाशीही बोलू नये, हा नियम महागड्या पेटीवर जितक्या चोखपणे पाळला जातो तितक्याच चोखपणे तो जुन्या संगणकावर चढवलेल्या मुक्तस्रोत फायरवॉलवरही पाळला जातो. फरक सुरू होतो तो नंतरच्या कामांत, कारण घातक संकेतस्थळांच्या याद्या आणि घुसखोरीच्या खुणा रोज बदलतात आणि त्या गोळा करून पुरवणारी माणसे पगारावर ठेवावी लागतात. मालकीची कंपनी हे काम वर्गणी घेऊन करते. मुक्तस्रोत बाजूस मार्टिन रोश यांनी 1998 मध्ये लिहिलेली स्नॉर्ट आणि त्यानंतरची सुरिकाटा या घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत; पण त्यांना लागणाऱ्या खुणांच्या सर्वांत ताज्या याद्या बऱ्याचदा पैसे मोजल्यावरच मिळतात आणि फुकटच्या याद्या थोड्या उशिरा येतात.

दोन परंपरा, एकच पाया

मालकीच्या फायरवॉलचा बाजार 1990 च्या दशकात उभा राहिला. चेक पॉइंटपाठोपाठ सिस्कोने पिक्स ही पेटी विकत घेऊन आपल्या उत्पादनांत आणली, 2000 मध्ये फोर्टिनेट आणि 2005 मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स या कंपन्या स्थापन झाल्या. पश्चिम किनाऱ्यावरील औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने या इतिहासातील महत्त्वाचे नाव अहमदाबादच्या सायबरोमचे आहे. भारतात घडलेली ही फायरवॉल लहान-मध्यम उद्योगांना परवडणारी म्हणून पसरली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये ब्रिटनच्या सोफोस कंपनीने ती विकत घेतली. पुढे सायबरोमची जुनी मालिका टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि तिच्या ग्राहकांना सोफोसच्या प्रणालीकडे वळावे लागले.

मुक्तस्रोत परंपरेची मुळे युनिक्सच्या कुळात आहेत. 2001 च्या प्रारंभी आलेल्या लिनक्सच्या 2.4 आवृत्तीत नेटफिल्टर ही पॅकेट गाळणारी यंत्रणा आली, तर त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या 3.0 आवृत्तीबरोबर पीएफ नावाची गाळणी प्रसिद्ध झाली. आधीच्या गाळणीच्या परवान्यावरून वाद झाल्यामुळे ती नव्याने लिहावी लागली होती. स्वित्झर्लंडच्या मानुएल कास्पर यांनी 2003 मध्ये मोनोवॉल नावाची, ब्राउझरमधून चालवता येणारी छोटी फायरवॉल तयार केली. तिच्यापासून 2004 मध्ये पीएफसेन्स आणि पीएफसेन्सपासून जानेवारी 2015 मध्ये नेदरलँड्समधील डेसिसो कंपनीच्या पुढाकाराने ओपीएनसेन्स निघाली. मोनोवॉलचे काम थांबवताना कास्पर यांनी आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे जाण्याचा सल्ला दिला. सायबरोमचा शेवट आणि मोनोवॉलचा शेवट यांतील फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या प्रसंगी उत्पादनाचे भवितव्य खरेदीदार कंपनीने ठरवले, दुसऱ्या प्रसंगी संहिता सर्वांच्या हाती असल्यामुळे ती वेगळ्या नावाने पुढे चालत राहिली.

मात्र या दोन परंपरांमधील भिंत वाटते तितकी जाड नाही. फोर्टिनेट आणि पालो आल्टो यांच्या पेट्यांच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे, तर ज्युनिपर कंपनीची जुनॉस प्रणाली फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीवर वाढली. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे ती वापरून विकणाऱ्याने मूळ संहिता ग्राहकाला उपलब्ध करून देणे बंधनकारक असते. ही अट न पाळल्याच्या तक्रारीवरून म्युनिकच्या न्यायालयाने एप्रिल 2005 मध्ये फोर्टिनेटच्या ब्रिटनमधील शाखेविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला होता आणि नंतर तो वाद मिटला. उलट दिशेने पाहिले तर पीएफसेन्सच्या मागे असलेली नेटगेट कंपनी 2021 पासून पीएफसेन्स प्लस ही अंशतः बंदिस्त आवृत्ती देते आणि तयार पेट्याही विकते. म्हणून मालकीची फायरवॉल म्हणजे सर्वस्वी गुप्त आणि मुक्तस्रोत फायरवॉल म्हणजे सर्वस्वी निराधार, असा समज धरून खरेदीचा निर्णय घेणे चुकीचे ठरते.

लायसन्सची मुदत आणि यंत्रांचे आयुष्य

तारापूरच्या लहान कारखान्याला या निवडीचा पहिला चटका लायसन्सच्या नूतनीकरणाच्या वेळी बसतो. पेटी घेताना एक किंवा तीन वर्षांची वर्गणी तिच्या किमतीत धरलेली असते. ती संपली की नियमांप्रमाणे पॅकेट अडवण्याचे मूळ काम बहुतेक पेट्यांत चालू राहते, पण घातक संकेतस्थळांच्या याद्या, घुसखोरीच्या खुणा आणि अनेकदा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्याही थांबतात. बाहेरून दिवा हिरवाच दिसत असल्यामुळे पहारा जुना झाल्याचे मालकाच्या लक्षात येत नाही. रासायनिक कारखान्यातील नियंत्रण यंत्रणा पंधरा-वीस वर्षे वापरात राहते, तर फायरवॉलची मालिका त्याहून बऱ्याच आधी कंपनीकडून निवृत्त होते. एका संयंत्राच्या आयुष्यात पेटी दोन-तीनदा बदलावी लागेल, हे धरूनच तिचा खर्च मोजायला हवा.

मुक्तस्रोत फायरवॉलला लायसन्सचा खर्च नाही, पण ती फुकट पडते असेही नाही. ती बसवणाऱ्याला नेटवर्कचे पायाभूत ज्ञान लागते, प्रत्येक नव्या आवृत्तीआधी चाचणी करावी लागते आणि रात्री जोडणी तुटली तर दूरध्वनी करायला कंपनीचे मदतकेंद्र नसते, असलाच तर वेगळा करार करून घेतलेला सल्लागार असतो. मुंबई, वसई-विरार किंवा वापीहून येणाऱ्या एकाच जाणकारावर सगळा भार असेल, तर तो सोडून गेल्यावर त्याने लिहिलेले नियम का लिहिले होते हे सांगणारा कोणी उरत नाही. संहिता सर्वांना खुली असली तरी त्या कारखान्याची मांडणी एकाच डोक्यात बंद राहिली, तर मुक्तस्रोताचा मुख्य लाभच हातचा जातो.

यंत्राच्या बाबतीत पारडे कधी इकडे तर कधी तिकडे झुकते. मोठ्या कंपन्या खास चिप वापरून पॅकेटचा वेग वाढवतात. तरीही माहितीपत्रकातील वेग आणि घुसखोरी-तपासणी, संकेतस्थळ-गाळणी व सांकेतिक माहितीची उकल ही सर्व कामे एकदम चालू केल्यावर मिळणारा वेग यांत मोठी तफावत असते, म्हणून खरेदीआधी दुसरा आकडा विचारणे आवश्यक असते. औद्योगिक हवेतील गंधकयुक्त आणि आम्लधर्मी वायू इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांवरील तांबे व चांदी हळूहळू खातात, त्यात किनाऱ्याचा दमटपणा मिसळला की उपकरण अकाली बिघडण्याची शक्यता वाढते. अशा वेळी मालकीची पेटी करारानुसार बदलून मिळते, पण ती येईपर्यंत थांबावे लागते; मुक्तस्रोत फायरवॉलची मांडणी जपून ठेवलेली असेल तर ती कपाटातल्या दुसऱ्या संगणकावर चढवून त्याच दिवशी काम सुरू करता येते.

दोषांचा हिशेब

मोठ्या कंपनीचे उत्पादन म्हणजे निर्दोष उत्पादन, ही समजूत गेल्या दहा वर्षांच्या नोंदींनी खोटी ठरवली आहे. डिसेंबर 2015 मध्ये ज्युनिपरने आपल्या नेटस्क्रीन पेट्यांच्या प्रणालीत अनधिकृत संहिता आढळल्याचे जाहीर केले. तिच्यामुळे परक्याला व्यवस्थापकाचे अधिकार मिळवता येत होते आणि व्हीपीएनमधील संभाषण उकलता येण्याची शक्यता होती. एप्रिल 2020 मध्ये सोफोसच्या फायरवॉलमधील तोवर अज्ञात असलेल्या दोषाचा वापर करून हल्ला झाला, ज्यात जगभरातील सुमारे 81,000 पेट्या लक्ष्य झाल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाने डिसेंबर 2024 मध्ये एका चिनी नागरिकावर आरोप ठेवताना सांगितले. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये सोफोसने, हा हल्ला ज्या मोहिमेचा भाग होता तिचा जो तपशील प्रसिद्ध केला, त्यात तिचा माग डिसेंबर 2018 पर्यंत, भारतातील सायबरोमच्या कार्यालयापर्यंत जात असल्याचे नमूद केले होते. तेथे भिंतीवरच्या पडद्याला जोडलेला एक साधा संगणक घुसखोरांच्या ताब्यात गेला होता. फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातील सर्वांत दुर्लक्षित यंत्र हल्ल्याची पायरी ठरते, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

या प्रसंगाची दुसरी बाजूही आहे. सोफोसने हल्ला कळल्यानंतर काही दिवसांतच दुरुस्ती तयार करून ती आपोआप अद्ययावत होणाऱ्या पेट्यांवर दूरवरून बसवली. अशी सोय नसेल किंवा बंद ठेवली असेल तर काय घडते, हे फोर्टिनेटच्या अनुभवातून दिसते. 2019 मध्येच दुरुस्ती उपलब्ध झालेल्या एका दोषाचा फायदा घेऊन गोळा केलेले सुमारे 87,000 पेट्यांचे व्हीपीएन पासवर्ड सप्टेंबर 2021 मध्ये उघड झाले. कंपनीने आपले काम केले होते; दुरुस्ती बसवण्याचे किंवा ती बसवल्यावर पासवर्ड बदलण्याचे काम असंख्य ग्राहकांकडून राहून गेले होते.

मुक्तस्रोताच्या बाजूला संहिता उघडी असल्याने दोष आपोआप सापडतात, असेही म्हणता येत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये पीएफसेन्सच्या 2.5.0 आवृत्तीत वायरगार्ड या नव्या व्हीपीएनचा समावेश झाला. मूळ वायरगार्ड लिहिणाऱ्या जेसन डोनेनफेल्ड यांनी फ्रीबीएसडीसाठीची ती संहिता वाचल्यावर तिच्यातील गंभीर त्रुटी दाखवून दिल्या आणि ती फ्रीबीएसडीच्या येऊ घातलेल्या आवृत्तीतून व पीएफसेन्समधूनही काढून टाकण्यात आली. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या माहिती दाबून लहान करणाऱ्या, लिनक्सच्या जगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला, तोही सर्व्हरवर प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब होत असल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला जाणवले म्हणून. दोन्ही वेळा खुली संहिता वाचणारा जाणता माणूस भेटला आणि चूक लपवून ठेवणे कोणालाही शक्य झाले नाही. पण तो माणूस वेळेवर भेटेलच याची हमी कोणत्याही परवान्यात लिहिलेली नसते.

आतल्या भिंती

तारापूर औद्योगिक क्षेत्र ज्या संस्थेच्या अखत्यारीत येते, त्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळालाच 21 मार्च 2021 रोजी रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, फटका बसला. राज्यभरातील कार्यालयांचे ऑनलाइन काम त्यामुळे थांबले. महामंडळाने तेव्हा केलेल्या निवेदनानुसार जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या माहितीच्या प्रती सुरक्षित राहिल्या होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर झालेल्या हल्ल्याबाबत सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात जाळ्याची विभागणी नीट नसणे हे कारण स्पष्टपणे नोंदवले गेले. एकीकडे विभागणीमुळे वाचलेली माहिती आणि दुसरीकडे विभागणीअभावी पसरलेले नुकसान, असे हे दोन दाखले एकमेकांना पूरक आहेत. सीमेवरील पेटी कितीही चांगली असली तरी आतले सर्व संगणक एकाच सपाट जाळ्यावर असतील, तर एका कारकुनाने उघडलेली एक फसवी ईमेल पुरेशी ठरते.

अणुऊर्जेच्या क्षेत्रात हीच विभागणी अधिक कडकपणे पाळली जाते. तारापूरचे अणुवीज केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने 30 ऑक्टोबर 2019 रोजी आपल्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर आढळल्याचे मान्य केले. प्रसंग तमिळनाडूतील कुडनकुलम केंद्राच्या संदर्भातला होता. सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेने 4 सप्टेंबर रोजी ही बाब कळवली होती आणि बाधित संगणक इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय जाळ्यावरचा असून महत्त्वाचे अंतर्गत जाळे त्यापासून अलग असल्याचे कॉर्पोरेशनने सांगितले. कार्यालयात शिरकाव झाला तरी तो संयंत्रापर्यंत पोहोचू नये, ही त्या रचनेमागची भूमिका आहे.

रासायनिक कारखान्यात याच भूमिकेची गरज तितकीच तीव्र असते. तापमान, दाब आणि झडपा सांभाळणारे पीएलसी व डीसीएस हे नियंत्रक अनेक ठिकाणी मॉडबस या 1979 साली तयार झालेल्या भाषेत बोलतात, जिच्यात पासवर्डची सोयच नाही; जाळ्यावरील जो कोणी आज्ञा देईल त्याची आज्ञा नियंत्रक पाळतो. 2017 मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात घुसखोर थेट अपघात टाळणाऱ्या सुरक्षा-नियंत्रकांपर्यंत पोहोचले होते. म्हणून कार्यालय, उत्पादन विभाग, प्रदूषण मोजणारी यंत्रे, सीसीटीव्ही कॅमेरे आणि पाहुण्यांचे वाय-फाय हे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावेत आणि कप्प्यांमधील प्रत्येक वाट फायरवॉलमधून जावी, असे आयईसी 62443 हे औद्योगिक सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. येथे मुक्तस्रोत फायरवॉलचा उपयोग विशेष जाणवतो, कारण प्रत्येक कप्प्याच्या दारात लायसन्ससह महागडी पेटी बसवणे लहान उद्योगाला परवडत नाही, पण साध्या यंत्रावरची फायरवॉल परवडते. उलट औद्योगिक भाषांतील प्रत्येक आज्ञा वाचून फक्त निरीक्षणाची परवानगी देणे आणि बदलाची आज्ञा अडवणे, असे बारीक काम तयार स्वरूपात हवे असेल तर मालकीच्या औद्योगिक फायरवॉल आज पुढे आहेत.

कायद्याच्या अपेक्षाही याच ठिकाणी येऊन भिडतात. सीईआरटी-इनने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, यंत्रांच्या नोंदी म्हणजे लॉग 180 दिवस जपणे आणि सर्व यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवणे बंधनकारक झाले. लघु-मध्यम उद्योगांना त्यासाठी 25 सप्टेंबर 2022 पर्यंत मुदत मिळाली होती. अनेक छोट्या मालकीच्या पेट्यांत एवढे लॉग साठवण्याइतकी जागा नसते आणि साठवणीची सेवा वेगळ्या दराने घ्यावी लागते. मुक्तस्रोत फायरवॉलला मोठी डिस्क जोडून किंवा लॉग दुसऱ्या संगणकाकडे वळवून हे काम भागवता येते, फक्त ते कोणीतरी आठवणीने मांडावे लागते. दुसरीकडे, परदेशी औषध-कंपनीचा लेखापरीक्षक जेव्हा प्रमाणपत्रे, सेवा-करार आणि जबाबदार कंपनीचे नाव मागतो, तेव्हा मालकीच्या पेटीचे कागद तयार असतात आणि मुक्तस्रोत फायरवॉलच्या बाबतीत ते कारखान्यालाच तयार करावे लागतात.

पुरवठादारावरील अवलंबित्व

बाहेरच्या पुरवठादारावर किती विसंबावे, हा प्रश्न तारापूरला नवा नाही. 1963 च्या भारत-अमेरिका करारानुसार येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम अमेरिकेने दीर्घकाळ पुरवायचे होते आणि 28 ऑक्टोबर 1969 रोजी त्यांचे व्यावसायिक वीज-उत्पादन सुरू झाले. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर आणि अमेरिकेने 1978 मध्ये केलेल्या अण्वस्त्र-प्रसारबंदी कायद्यानंतर हा पुरवठा अडखळला, 1982 मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची व्यवस्था झाली, पुढे चीन आणि रशिया यांच्याकडूनही ते आले आणि दरम्यान भारतीय शास्त्रज्ञांनी मिश्र ऑक्साइड इंधन तारापुरातच तयार करून त्याचे काही संच अणुभट्टीत वापरून पाहिले. अणुभट्ट्या चालत राहिल्या, कारण पर्यायी पुरवठा आणि स्वतःचे ज्ञान या दोन्ही दिशांनी प्रयत्न झाले.

फायरवॉलची खरेदी अणुइंधनाइतकी गंभीर नसली तरी तिच्यातील अवलंबित्वाची रचना तीच आहे. कंपनी विकली जाणे, मालिका बंद होणे, लायसन्सचा दर वाढणे किंवा दोन देशांमधील संबंध बिघडणे या चारही गोष्टी ग्राहकाच्या हातात नसतात. केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले, त्यामागेही एका पुरवठादाराच्या बंधनात अडकू नये हा हेतू होता. तथापि केवळ मुक्तस्रोत वापरल्याने स्वावलंबन येत नाही. ती संहिता समजणारी आणि मांडणी करणारी माणसे जवळपास असावी लागतात. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून येथे जिल्हा मुख्यालयाची कार्यालये उभी राहिली आणि जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. या वाढत्या कामांना लागणारे जाळे-तज्ज्ञ बोईसर-पालघरच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून घडवायचे असतील, तर ज्या फायरवॉलची संहिता व दस्तऐवज विद्यार्थ्याला फुकट मिळतात आणि जुन्या संगणकावर ज्या उभारून मोडता येतात, त्यांच्याइतके सोयीचे शिक्षणसाधन दुसरे नाही.

निवड करताना

या सर्व विवेचनातून कारखान्याच्या आकारानुसार काही दिशा निघतात. परदेशी ग्राहक, लेखापरीक्षण आणि चोवीस तास चालणारे उत्पादन असलेल्या मोठ्या उद्योगाने सीमेवर मालकीची फायरवॉल ठेवणे योग्य ठरते, कारण ताज्या याद्या, तत्काळ दुरुस्ती आणि उत्तरदायी कंपनी या तिन्हींची त्याला गरज असते. आतले कप्पे मात्र तो मुक्तस्रोत फायरवॉलने स्वस्तात पाडू शकतो. ज्याच्याकडे पाच-दहा संगणक, हिशेबाचे एक सॉफ्टवेअर आणि प्रदूषण-मोजणीची एक जोडणी एवढाच पसारा आहे, अशा लहान कारखान्याला जाणकार सल्लागाराशी वार्षिक देखभालीचा करार करून पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स वापरता येते, अट एवढीच की नियमांची लेखी नोंद आणि मांडणीची जपून ठेवलेली प्रत कारखान्याच्या स्वतःच्या ताब्यात असावी. ज्याला असा सल्लागार मिळत नाही, त्याने साधी मालकीची पेटी घेऊन तिची स्वयंचलित दुरुस्ती चालू ठेवणे हे अर्धवट सांभाळलेल्या मुक्तस्रोत फायरवॉलपेक्षा सुरक्षित असते. तिन्ही बाबतींत फायरवॉलचे व्यवस्थापन-पान इंटरनेटवरून उघडता येणार नाही याची खबरदारी घेणे, व्हीपीएनसाठी पासवर्डखेरीज दुसरी ओळख मागणे आणि माहितीची एक प्रत जाळ्यापासून पूर्ण अलग ठेवणे, ही तीन कामे पेटीच्या नावावर अवलंबून नसतात.

मालकीची फायरवॉल दक्षतेचा काही भाग वर्गणीच्या रूपात बाहेरून मिळवून देते आणि मुक्तस्रोत फायरवॉल तोच भाग स्वतः पेलण्याचे स्वातंत्र्य देते. उरलेला भाग, म्हणजे नियम कालबाह्य झाले का हे पाहणे, लॉग वाचणे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करणे आणि सहा तासांत कोणाला कळवायचे हे माहीत असणे, कोणतीही पेटी करत नाही. म्हणून कोणत्याही कारखान्याने दरपत्रके मागवण्याआधी हे काम करणाऱ्या माणसाचे नाव, त्याच्या गैरहजेरीत ते काम पाहणाऱ्याचे नाव आणि गरज पडल्यास जोडणी तोडण्याचा त्या दोघांचा अधिकार लेखी ठरवावा. ती दोन नावे ज्या साधनावर आत्मविश्वासाने काम करू शकतील, तीच त्या कारखान्यासाठी योग्य फायरवॉल.